वॉल्व्हची चावी कोणाकडे?

तौक्ते वादळ किनाऱ्यावरनं पुढे सरकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १७ मे २०२१ ला सकाळी आमच्या ऑफिसात लाईट नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती, आणि कुठल्या वाडीचं पाणी कुठल्या वॉल्व्हवरनं सुटतं हे डोळे मिटून सांगू शकेल असा एकही माणूस ऑफिसच्या पगारावर नव्हता. असा माणूस गावात एकच होता, तो वर्षभर आधी रिटायर झालेला, आणि त्या वेळी स्वतःच्या घरावर चढून उडालेली कौलं लावत बसला होता. त्याला खाली बोलवायला आम्ही शिपाई पाठवला. त्यानंतर जे झालं ते पुढे लिहितोच, पण मुळात त्याला बोलवायची पाळी का आली तिथनं सुरू करायला पाहिजे.

गावाचं नाव देत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्ग किनाऱ्यावरचं एक छोटं शहर समजा, नगरपंचायत की नगरपरिषद ते पण विचारू नका, ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील इकडचे तिकडे केलेत. मी तिथे लेखा शाखेत होतो. मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचं दर महिन्याचं बिल माझ्याच टेबलावरनं जायचं, त्यामुळे मी काही लांबनं बघणारा नाही, त्या बिलांवर माझ्या सह्या आहेत.

आधी गावाची रचना सांगतो नायतर पुढचं कळणार नाही. खाली बंदर आणि बाजारपेठ, वर जांभ्याचा सडा, म्हणजे कातळाचा माळ, मधल्या उतारावर वाड्या. नदीत जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, तिथनं पंपाने पाणी सड्यावरच्या टाकीत चढतं आणि टाकीतनं उताराने वाड्यांना. ऐकायला सोपं आहे. पण उताराचं पाणी म्हणजे सगळं खाली पळणार, बाजारपेठेचा वॉल्व्ह अर्धा आवळल्याशिवाय वरच्या वाडीला थेंब चढत नाही, आणि किती आवळायचा ते टाकीत पाणी किती आहे त्यावर, म्हणजे रोज वेगळं. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो तरी मे महिन्यात विहिरी तळाला जातात, त्यात मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, लॉजवाले दोन-दोन मोटरी लावतात. अशा वेळी पाणी सोडणं हे काम खरं म्हणजे अख्ख्या गावाची भांडणं सोडवण्याचं काम असतं.

हे काम तीस वर्षं केलं ते काकांनी. सगळं गाव त्यांना काकाच म्हणायचं, मी पण तेच म्हणतो. मूळचे मालवणी मुलखातले, बायकोच्या गावी येऊन राहिलेले. ग्रामपंचायत होती तेव्हा पाणी सोडायला तिघंजण होते, काका त्यातले थोरले. गावात एकतीस वॉल्व्ह, त्यातले सात नकाशात नाहीत, तीन रस्त्याच्या डांबराखाली गेलेत आणि एक उलटा आहे, म्हणजे बाकीचे सगळे ज्या बाजूला फिरवले की बंद होतात त्या बाजूला हा उघडतो. तो कुणी, कधी, कुठनं आणून बसवला देव जाणे. काका नव्या पोराला पहिल्या दिवशी तिथेच घेऊन जायचे आणि सांगायचे, "ह्यो उलटो आसा हां, जोर करशीत तर मोडतलो." कागदावर कुठेच नव्हतं हे.

आता ठेकेदार कसा आला ते. २०१४ नंतरच्या काळात राज्यात तालुक्याच्या ठिकाणच्या कितीतरी ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, कोकणात पण झाल्या, आणि सगळीकडे एकच डोकेदुखी, जुन्या ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांचं समावेशन. शासन आकृतिबंध मंजूर करतं, म्हणजे या शहराला अमुक पदं, त्यांचं शिक्षण तमुक. ग्रामपंचायतीत दहा वर्षं झाडू मारलेल्या माणसाचं नाव त्या चौकटीत बसलं तर तो कायम, नाही बसलं तर हवेत. आणि चतुर्थ श्रेणीच्या बाबतीत शासनाचं धोरण बरीच वर्षं तेच आहे, माणूस निवृत्त झाला की पद व्यपगत, म्हणजे पदच संपलं, काम बाह्ययंत्रणेकडून करून घ्या. आमच्याकडे काका आणि आणखी एकजण चौकटीत बसले, बाकी सफाईची आणि पाण्याची पोरं हवेत राहिली. मग निविदा निघाली, मनुष्यबळ पुरवठ्याची, आणि जी पोरं काल ग्रामपंचायतीची होती तीच पोरं तोच झाडू तीच चावी घेऊन दुसऱ्या दिवशी ठेकेदाराची झाली. बदललं काय, तर शर्टावरचं नाव.

इथे लोक म्हणतात, ठेका दिला कारण तो स्वस्त पडतो. मी पण बरीच वर्षं तसंच समजायचो, पण आकडे समोर ठेवून बघितल्यावर लक्षात आलं की स्वस्त कुणाला, हा प्रश्नच कुणी विचारत नाही. मंजूर पदावरचा कायम कर्मचारी असेल तर त्याच्या पगाराचा मोठा भाग राज्य सरकारच्या सहायक अनुदानातून येतो. ते पद व्यपगत झालं की शासनाचा खर्च वाचतो, पण पाणी तर सोडायलाच लागतं, मग तो खर्च येतो शहराच्या स्वतःच्या डोक्यावर, घरपट्टी-पाणीपट्टीतनं. म्हणजे मंत्रालयातनं बघितलं तर ठेका स्वस्त, आमच्या टेबलावरनं बघितलं तर महाग. मग शहरं ओरडत का नाहीत, तर त्याचं उत्तर वित्त आयोगात आहे. १५ व्या वित्त आयोगाचा जो केंद्राचा निधी यायचा तो पगार आणि आस्थापना खर्चाला वापरता येत नव्हता, पण त्यातलाच बंधित निधी स्वच्छता आणि पाणीपुरवठ्यासाठीच असायचा. आता हेच काम तुम्ही स्वतःच्या माणसाकडून केलं तर तो पगार, पैसे मिळणार नाहीत. तेच काम ठेकेदाराच्या बिलातनं आलं की ती सेवा, बसवता येतं. माणूस तोच, घाम तोच, पण एका कागदावर तो आस्थापना आणि दुसऱ्या कागदावर तो सेवा. या एका लेखाशीर्षापायी किती ठिकाणी ठेकेदार जगतायत याचा हिशोब कुणीतरी मांडायला पाहिजे.

आणि ठेकेदाराची निविदा बघाल तर हसू येईल. सगळ्यात कमी दरवाल्याला काम, मजुरी किमान वेतनाप्रमाणे ठरलेली, तिच्यात कमी करता येत नाही, मग स्पर्धा कशात तर सर्व्हिस चार्जमध्ये, आणि तो भरतात शून्य पॉइंट काहीतरी टक्के. पीएफचा मालकाचा हिस्सा १२ टक्के, वर बोनस कायद्याने किमान ८.३३ टक्के, गमबूट, रेनकोट, हातमोजे, सुपरवायझरचा पगार, बिल निघेपर्यंत दोन-तीन महिने स्वतःचे पैसे गुंतलेले, आणि हा माणूस जवळजवळ फुकट काम करणार म्हणतोय. मग तो खातो काय? मला हे विचारायला दोन वर्षं लागली याची आता लाज वाटते. हजेरीपट बघितला तर अख्ख्या महिन्याच्या सह्या एका पेनाच्या एका दमात मारलेल्या. पीएफचं चलन जोडलेलं असायचं, रक्कम पण बरोबर, पण चलनामागची नावांची यादी मागितली तर त्यात आमच्या पोरांपैकी निम्मीच, बाकीची नावं दुसऱ्या कुठल्यातरी साईटची. पगार बँकेत जमा व्हायचा हे खरं, पण दोघांची एटीएम कार्डं सुपरवायझरच्या पाकिटात. हे सगळं मी फाईलवर लिहिलं का? पहिल्यांदा नाही लिहिलं. "पगार होतायत ना, मग आपल्याला काय" असंच वातावरण होतं, आणि बिल अडवलं की सगळ्यात आधी पगार पोरांचाच थांबतो, ही भीती पण खोटी नव्हती.

कायदा खरं तर स्पष्ट होता. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने द्यायची आणि ठेकेदाराकडून वसूल करायची असं सरळ लिहिलेलं होतं. मूळ मालक म्हणजे आम्ही. पण हा कायदा वाचायची वेळ ऑफिसवर तेव्हाच येते जेव्हा कोणीतरी कोर्टात जातं.

ठेकेदाराची चांगली बाजू पण सांगायला पाहिजे, नायतर हे एकतर्फी होईल. घंटागाडी त्याच्या काळात वेळेवर यायला लागली. आमची स्वतःची गाडी होती तेव्हा क्लच प्लेट गेली की तीन कोटेशनं, टिप्पणी, मंजुरी, खरेदी, गाडी पंधरा दिवस आवारात आणि कचरा पाणंदीत. ठेकेदार संध्याकाळी फोन करून दुसरी गाडी आणायचा. शिमग्याला, गणपतीला निम्मी पोरं गावी जाणार हे ठरलेलं, तेव्हा तो दुसऱ्या साईटवरनं माणसं उचलून आणायचा, आम्हाला ते कधी जमलं नसतं. कचऱ्याचं काम मोजता येतं, गाडी आली का, ढीग उचलला का, डोळ्याला दिसतं. आणि उलट उदाहरणही शेजारीच आहे, वेंगुर्ला नगरपरिषदेने कचरा डेपोचं लोक बघायला येतील असं ठिकाण करून दाखवलं, बायोगॅस काय, प्लास्टिक रस्त्यात वापरणं काय, पण ते रामदास कोकरे यांच्यासारखा मुख्याधिकारी मागे लागला म्हणून, ठेका होता की नव्हता हा तिथे मुद्दाच नव्हता. पाण्याचं काम मात्र असं मोजता येत नाही. पाणी आलं तर कुणी विचारत नाही कसं आलं. ठेक्यात लिहिलेलं काय तर "वॉल्व्ह ऑपरेटर, अकुशल, नग तीन". एकतीस वॉल्व्हची अख्खी विद्या अकुशल या एका शब्दात, त्यामुळे पोरगं बदललं तरी ठेकेदाराच्या दृष्टीने काही बदललं नाही, नग तीनच राहिले.

२०२० मध्ये काका निवृत्त झाले. कोविडचे दिवस, निरोप समारंभ पण धड झाला नाही, शाल-श्रीफळ दिलं आणि त्यांचं पद त्या दिवशी संपलं. पाण्याकडे ठेकेदाराची तीन पोरं उरली. दोन गावातलीच, काकांच्या हाताखाली शिकलेली, तिसरा वादळाच्या चार महिने आधी आलेला, काका गेल्यानंतर.

तर आता ती १७ मे ची सकाळ. रात्रभर वारा, माड आणि आंब्याची झाडं तारांवर, वीज कधी येईल सांगता येत नव्हतं, काही भागात पुढे कित्येक दिवस आली नाही. जॅकवेलला जनरेटर होता. गावातल्या दोन पोरांपैकी एकाच्या घराची भिंत पडलेली, दुसरा बापाला घेऊन सरकारी दवाखान्यात. सुपरवायझर राहायला दुसऱ्या तालुक्यात, रस्ते बंद, फोन बंद. राहिला तो चार महिन्याचा पोरगा, आणि त्याला दोष मी अजिबात देणार नाही, तो आला, एकटा आला, दोन महिन्याचा पगार थकलेला असताना आला. टाकीत आदल्या दिवशीचं पाणी होतं, तेवढंच होतं, ते दवाखान्याच्या बाजूला वळवायचं म्हणून तो बाजारपेठेचा वॉल्व्ह बंद करायला गेला. तो उलटा वॉल्व्ह. बंद व्हायच्या ऐवजी उघडतोय असं त्याला वाटेना, त्याला वाटलं जाम झालाय, त्याने चावीवर पाईप चढवला आणि जोर केला. स्पिंडल, म्हणजे वॉल्व्हचा आतला दांडा, तुटला. आमच्या लक्षात येईपर्यंत सड्यावरची टाकी बाजारपेठेच्या गटारातनं समुद्राला मिळाली होती.

काका कौलांवरनं उतरले ते बनियनवर तसेच आले, खड्ड्यात वाकून बघितलं, पोराकडे बघितलं, एवढंच म्हणाले, "तुका कोणी सांगल्यान नाय?" पोरगा रडायच्या बेतात. मग काकांनी वरच्या बाजूचा डांबराखालचा वॉल्व्ह कुठे आहे तो पायाने रस्ता ठोकून दाखवला, आम्ही पहारीने उकरला, आणि दोन दिवस जनरेटरवर टाकी भरून वाडीवार पाणी चाललं. या दोन दिवसांचे काकांना किती पैसे द्यायचे यावर नंतर फाईल झाली, निवृत्त माणसाला कुठल्या शीर्षाखाली द्यायचे ते ठरेना, शेवटी एका किरकोळ खर्चात घातले. चहापाण्यात म्हणा ना.

पुढच्या दिवाळीनंतरच्या सर्वसाधारण सभेत विषय आला, ठेका बंद करून पाण्याला आपली माणसं घ्या. नेमकं तेव्हाच एसटीचा संप चालू होता, स्टँडवर शुकशुकाट, लोक टमटमने कणकवली-रत्नागिरी गाठत होते, आणि एसटीवाल्यांची मागणी काय तर महामंडळ शासनात विलीन करा, आम्हाला सरकारी कर्मचारी करा. त्यामुळे सभेत जो तो कर्मचारी या शब्दावरच बोलत होता. एक नगरसेवक म्हणाले, सरकारी केला की माणूस काम करत नाही, हे स्टँडवर जाऊन बघा. दुसरे म्हणाले, ठेक्यावरचा करतो ते बाजारपेठेत मे महिन्यात बघितलं. दोघंही तसे बरोबर.

टिप्पणी लिहायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा मी पहिल्यांदा नीट वाचलं की ठेकेदार काढून कर्मचारी घेणं म्हणजे काय काय असतं. लोकांना वाटतं ठेका बंद केला की त्याच पोरांना कायम करायचं, संपलं. तसं नाही. २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की ठेका पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाकडे कायम होत नाहीत. ठेका नुसता देखावा होता असं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. मात्र त्याच निकालात असंही आहे की त्या कामाला पुढे नियमित माणसं घेताना या जुन्या कामगारांना प्राधान्य द्या, वयाची अट शिथिल करा, तांत्रिक पात्रता सोडून शिक्षणाची पण. हे वाक्य मी टिप्पणीत अधोरेखित केलं होतं. नंतर २००६ चा उमादेवी निकाल, की मागच्या दाराने घेतलेल्यांना कायम करू नका, भरती जाहिरात देऊन, सगळ्यांना संधी देऊन. दहा वर्षं मंजूर पदावर काढलेल्यांसाठी एकदाच सवलत. म्हणजे कायद्याने सरळ चाललो तर होणार काय, ठेकेदार जाईल, त्याच्या जागी परीक्षा देऊन कर्मचारी येईल, आणि मधल्या मधे वॉल्व्ह माहीत असलेलं पोरगं पण जाईल. आमचं दुखणं ठेकेदार हे नव्हतंच, आमचं दुखणं हे होतं की माहिती असलेला माणूस टिकत नाही. आणि हा उपाय त्याच माणसाला घालवणारा होता.

मुंबईचं उदाहरण कुणीतरी सभेत काढलं होतं, ते पण बघितलं. मुंबई महापालिकेतल्या कचरा उचलणाऱ्या २,७०० कामगारांना कायम करायचा आदेश सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये कायम ठेवला. कचरा वाहतूक श्रमिक संघ त्यासाठी वर्षानुवर्षं लढला. तिथे ठेके मुद्दाम वीसपेक्षा कमी माणसांचे पाडायचे, कारण तेव्हा वीस माणसं झाली की कंत्राटी कामगार कायदा लागू व्हायचा. आमच्याकडे ती पण गरज नव्हती, मुळात पाण्याला माणसं तीन, कोण बघतंय.

शेवटी ठरलं ते असं. पाण्याचं काम मनुष्यबळ ठेक्यातनं बाहेर काढायचं, त्या तिघांना ऑफिसने थेट रोजंदारीवर घ्यायचं, पैसे स्वनिधीतनं, कारण वित्त आयोगातनं पगार चालत नाही. सफाईचा ठेका ठेवायचा, पण गाडी आणि माणसं वेगळी मोजायची आणि पगार जमा झाल्याचे बँकेचे कागद नावासकट आल्याशिवाय पुढचं बिल नाही. आणि पाण्यासाठी मंजूर पदाचा प्रस्ताव वर पाठवायचा. त्याशिवाय काकांना विनंती करून तिन्ही पोरांबरोबर एकतीसच्या एकतीस वॉल्व्ह फिरायचे, रंगवायचे, वहीत लिहायचे. काका आधी कुरकुरले, "लिवन काय व्हतला, हातान फिरवक व्हयो," पण आले. उलट्या वॉल्व्हला लाल रंग दिला. तुटलेला बदलताना नवीन सुलटाच बसवायचा असं मी म्हणत होतो, पण दुकानातनं आला तो पण नेमका उलटाच आला, हा योगायोग की आमचं नशीब ते माहीत नाही.

फरक पडला का, तर पडला. एप्रिल-मे मध्ये तक्रार वहीचं एक पान आधी दिवसात भरायचं, नंतरच्या उन्हाळ्यात तेच पान भरायला तीन-चार दिवस लागायला लागले. पोरं गळती स्वतःहून सांगायला लागली, आधी ठेकेदाराला सांगायची आणि तिथेच ती जिरायची. पैशात बघाल तर ठेकेदाराच्या बिलापेक्षा थेट पगार थोडा कमीच पडला, पण तो स्वनिधीतनं, त्यामुळे जाणवायला जास्त लागला.

आता दुसरी बाजू, आणि ही सांगितल्याशिवाय प्रकरण पुरं होणार नाही. रोजंदारीवर थेट घ्यायचं दार उघडलं म्हटल्यावर सहा महिन्यात तिघांचे पाच झाले. दोन नवीन पोरं कुणाच्या चिठ्ठीवर आली ते गावात सगळ्यांना माहीत आहे, त्यातला एक चावी कशी धरतात ते अजून शिकतोय. उमादेवी निकालाला शिव्या घालणाऱ्यांनी हे बघावं, तो निकाल अशाच चिठ्ठ्यांपायी आला. ठेकेदार होता तेव्हा चिठ्ठी त्याच्याकडे जायची आणि तो निदान पैशाचा विचार करायचा, आता ती सरळ ऑफिसात येते. शिवाय रजेचा घोळ. शिमग्याला दोघं एकदम गेले तर बदली माणूस नाही, दोन वर्षं मी स्वतः होळीच्या दिवशी चावी घेऊन फिरलोय, लेखा शाखेचा क्लार्क. आणि एकजण थोडा ढिला पण पडला, "माका आता कोण काढता" असं चहाच्या टपरीवर बोलला ते माझ्या कानावर आलं. रोजंदारीवरचा असून.

अमेरिकेत पण हे झालंय, वाचून गंमत वाटली. २००९ मध्ये त्यांचे संरक्षण मंत्री रॉबर्ट गेट्स यांनी जाहीर केलं की ठेकेदारांच्या जागी पहिल्या वर्षात १३,००० पर्यंत आणि पाच वर्षात ३०,००० पर्यंत सरकारी नोकर भरू. दुसऱ्याच वर्षी त्यांनीच सांगितलं की अपेक्षेएवढी बचत दिसत नाहीये. पण बचत हाच मोजायचा आकडा होता का, हे मला तिथेही विचारावंसं वाटतं. आमची त्या वर्षी बचत झाली असती तरी टाकी समुद्रात गेलीच असती की. शेजारच्या कर्नाटकात, बंगळुरूला, ठेकेदार मधनं काढून झाडूवाल्यांना, तिकडे पौरकार्मिक म्हणतात, महापालिकेने थेट पगार द्यायला सुरुवात केली, आणि कायम करण्यासाठीचा लढा त्यानंतरही रस्त्यावर चालूच राहिला. म्हणजे ठेकेदार जाणं आणि नोकरी पक्की होणं या दोन वेगळ्या पायऱ्या, मधे आमची पोरं जिथे उभी आहेत तो एक लांबलचक जिना.

आपल्याकडे उलटी गंगा पण वाहत असते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ खाजगी एजन्सींमार्फत सरकारी कामाला माणसं घ्यायचा जीआर काढला, स्पर्धा परीक्षेची पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. त्याच्याच आसपास नगरपरिषद राज्यसेवेची मोठी भरती झाली आणि त्यातनं आम्हाला पाणीपुरवठा शाखेचा अभियंता मिळाला, पहिल्यांदाच. ठेक्याच्या काळात जे काम ठेकेदाराचा सुपरवायझर फोनवरनं करायचा त्या जागी खरा सरकारी कर्मचारी आला. लातूरकडचा मुलगा, हुशार, स्वच्छ हाताचा, पंपाचं लॉगबुक त्याने पहिल्या महिन्यात सुरू केलं, टाकीला पातळी मोजायची पट्टी लावली, ठेकेदाराने पाच वर्षात हे केलं नव्हतं. पहिल्या पावसाळ्यात महिनाभर खोकत होता. त्याला वॉल्व्ह कोणी शिकवले, तर भिंत पडलेल्या त्या पोराने. शिकवणारा रोजंदारीवर, शिकणारा वेतनश्रेणीवर, आणि दोघंही एकमेकांना दादा म्हणतात. अभियंत्याने बदलीचा अर्ज टाइप करून ठेवलाय हे त्यानेच मला सांगितलं, आई-वडील तिकडे एकटे, त्याचं काही चूक नाही. कोकणात बाहेरनं आलेला मास्तर असो नायतर ग्रामसेवक, पहिल्या गणपतीला मोदक खातो आणि दुसऱ्या गणपतीला बदलीची तारीख विचारतो, हे आम्हाला नवीन नाही.

मंजूर पदाचा प्रस्ताव दोन वेळा त्रुटी काढून परत आला. एकदा आस्थापना खर्चाचं प्रमाणपत्र नव्हतं, एकदा पोरांपैकी एक नववी नापास होता. मी २००१ च्या निकालातला तो अधोरेखित परिच्छेद पुन्हा जोडला. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाचा जग्गो निकाल आला, केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं झाडलोट केलेल्या बायकांना कायम करा, आणि उमादेवीचं नाव घेऊन अशा लोकांना नाकारू नका, असं कोर्टाने सुनावलं. तो पण जोडला. मग नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात गाभ्याच्या कामाला कंत्राटी कामगार लावायला बंदी आहे, पण स्वच्छतेसारखी कामं गाभ्यात धरलेली नाहीत, ती संस्था त्याच कामासाठी उभी केलेली असेल तरच धरायची. नगरपालिका मग कशासाठी उभी केलेली असते, हा प्रश्न मी टिप्पणीत लिहिला होता, साहेबांनी पेन्सिलने खोडला. म्हणाले, वर असलं काही पाठवू नका.

मी आता निवृत्त झालोय. फाईल अजून चालू आहे असं कळतं. काका थकलेत, पण संध्याकाळी बाजारात आले की त्या लाल वॉल्व्हच्या झाकणावर काठी टेकवून जरा उभे राहतात, सवय. वॉल्व्हची वही अभियंत्याच्या कपाटात कुलपात आहे. चावी ऑफिसच्या मागच्या भिंतीला खिळ्यावर असते, आणि भिंत पडलेला तो पोरगा ती रोज पहाटे साडेपाचला घेऊन जातो, तेव्हा शिपाई आलेला नसतो म्हणून ऑफिसच्या मागच्या दाराची किल्ली पण त्याच्याकडेच दिलेली आहे, त्याची नोंद मात्र कुठल्याच रजिस्टरला नाही, कारण रोजंदारीवरच्या माणसाच्या ताब्यात ऑफिसची किल्ली देता येत नाही.